ब्रिस्केट शिजताना तापमापकाचा काटा मध्येच का अडकतो?

बार्बेक्यूच्या व्हिडिओत मांसाचा काप कॅमेऱ्यासमोर धरून काळ्या पापुद्र्याखालची गुलाबी कड दाखवतात आणि सांगतात, "बघा, धूर किती आत मुरलाय!" ही समजूत साफ चुकीची आहे. लाकूड जळताना तयार झालेला नायट्रिक ऑक्साइड मांसाच्या ओल्या पृष्ठभागात विरघळतो आणि मायोग्लोबिन या रंगद्रव्याला चिकटतो, म्हणून कड शिजल्यावरही गुलाबी राहते. त्या रंगाला चव नसते. नायट्राइट मिसळलेलं मीठ चोळलं तर धुराशिवायही तो येतो.

खरं नवल पाहायचं तर मध्य टेक्सासच्या ब्रिस्केटमध्ये पाहावं. हा जनावराच्या छातीचा, चिवट तंतूंनी भरलेला तुकडा. ऑस्टिन-लॉकहार्ट पट्ट्यात तो मीठ-मिरी चोळून ओकच्या लाकडावर, साधारण १२० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दहा-बारा तास ठेवतात. आत खुपसलेल्या तापमापकाचा काटा आधी भराभर चढतो आणि ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कुठेतरी थांबतो, कधी कधी चार-पाच तास. आग तीच आणि भट्टीही तेवढीच गरम. मग उष्णता जाते कुठे?

मांस चिवट करणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाचं मऊ जिलेटिन होण्यात ती खर्ची पडते, असं बरेच जण सांगत. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लॉन्डर यांनी सरळ प्रयोग केला: भट्टीत एक पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवला आणि एक निव्वळ चरबीचा गोळा. चरबी न अडखळता तापत गेली, स्पंज मात्र ब्रिस्केटसारखाच अडला. स्पंजात कोलॅजन कुठलं? म्हणजे हे काम बाष्पीभवनाचं. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला ४.२ ज्यूल लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला सुमारे २,३०० ज्यूल, म्हणजे जवळजवळ साडेपाचशे पट. पृष्ठभागावरचं पाणी उडताना येणारी उष्णता तिथेच खाऊन टाकतं. आपला माठ उन्हाळ्यात पाणी गार ठेवतो ते याच नियमाने. पृष्ठभाग कोरडा पडू लागला, की काटा पुन्हा हलतो.

काटा अडला की मांस फॉइलमध्ये गुंडाळावं का, हा वाद आता नीट कळेल. फॉइल गुंडाळली की वाफ कोंडते, बाष्पीभवन थांबतं आणि काटा झपाट्याने ९५ अंशांकडे जातो. पण त्याच कोंडलेल्या वाफेने कमावलेला कुरकुरीत पापुद्रा भिजून मऊ पडतो. फॉइलऐवजी गुंडाळलेला खाटकाकडचा जाड कागद थोडी वाफ बाहेर सोडतो. माझ्या मते तोच उत्तम, कारण कोलॅजन विरघळायला तापमानाइतकाच वेळही लागतो, आणि तो वाचवायच्या नादात मांस चिवट राहतं.

कॅन्सस सिटीचा गोड सॉस, पूर्व नॉर्थ कॅरोलायनातलं व्हिनेगर लावलेलं अख्खं डुक्कर, पश्चिम टेक्सासचं उग्र मेस्किट लाकूड यांतलं श्रेष्ठ कोणतं, हा आवडीचा प्रश्न. धुराचं तसं नाही. ह्यूस्टन-डॅलसकडच्या मराठी मंडळींनी बार्बेक्यूचं नवं दुकान निवडताना आधी मागे लाकडाची रास आहे का ते बघावं, मग धुराड्याकडे. दाट पांढरा धूर म्हणजे अर्धवट जळणाऱ्या लाकडाचे मोठे थेंब, चव कडवट. आग मोकळी जळत असेल तर धुराचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही बारीक असतात. ते निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून चांगला धूर विरळ आणि निळसर दिसतो.