कंपनी दिवाळखोरीतील वकिली

देणी भागवू न शकणाऱ्या कंपनीची कर्जपुनर्रचना, विक्री किंवा अवसायन (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळणे) यांत कंपनी, धनको (तिला कर्ज देणारे किंवा तिच्याकडून येणे असलेले), कामगार आणि खरेदीदार यांच्या वतीने चालणारे कायदेविषयक काम. एरवीच्या दाव्यात वादी आणि प्रतिवादी समोरासमोर उभे असतात. इथे तोकड्या मालमत्तेवर अनेकांचे हक्क असतात आणि आज विरोधात अर्ज करणाऱ्या बँकेचेच मत उद्या कंपनी सावरण्याची योजना मंजूर करून घेताना लागते. त्यामुळे या कामात युक्तिवादापेक्षा वाटाघाटी जास्त. न्यायालयापुढे बरेचदा आधीच जुळवून आणलेला मसुदाच जातो.

कंपनीचा वकील नेमका कोणाचा, हा इथला सर्वांत नाजूक प्रश्न. त्याची अशील कंपनी असते. त्याला बोलावणारा प्रवर्तक किंवा त्याचे बिल मंजूर करणारा संचालक नव्हे. कंपनी सुस्थितीत असताना हा फरक कागदावरच राहतो. भागधारकांचे भांडवल बुडाले की उरलेल्या पैशांत खरा जीव धनकोंचा अडकलेला असतो. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली की संचालकांनी धनकोंचे हितही पाहिले पाहिजे, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सेक्वाना खटल्यात म्हटले. प्रवर्तकाने कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल, तर त्याला स्वतंत्र वकील करायला सांगणे हेच शहाणपणाचे.

अमेरिकेत कंपनीने नेमलेल्या वकिलाला दिवाळखोरी न्यायालयाची मंजुरी लागते. धनकोंशी आणि इतर संबंधितांशी असलेले आपले लागेबांधे त्याला शपथेवर जाहीर करावे लागतात. हा नुसता उपचार नाही. खाणकामाची यंत्रे बनवणाऱ्या ब्युसायरस-इरी कंपनीचे काम पाहताना, आपली फर्म एका बड्या तारणधारक धनकोशी निगडित व्यक्तीचेही वकीलपत्र सांभाळते, ही गोष्ट न्यूयॉर्कच्या एका भागीदार वकिलाने दडवली. १९९८ मध्ये त्याला १५ महिन्यांची कैद झाली.

भारतात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने चित्र आणखी बदलले. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की वसुलीचे दावे थांबतात, संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात आणि कारभार व्यावसायिक प्रशासकाकडे जातो. कालपर्यंत कंपनीची बाजू मांडणारे वकील मग बहुधा निलंबित संचालकांचे वकील म्हणून उभे राहतात. अशा संचालकांना धनकोंच्या समितीत बसता येते, मत देता येत नाही. मात्र त्यांना योजनांच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आहे. योजनेला समितीची किमान ६६ टक्के मते लागतात. घर खरेदीदारांना २०१८ पासून वित्तीय धनकोंत, म्हणजे बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांत, धरले जाते आणि त्यांचा प्रतिनिधी समितीत असतो.

खरी चुरस विक्रीत असते. बुडत्या कंपनीसाठी खरेदीदार न्यायालयाच्या दारात येतो तो जुन्या देण्यांपासून मोकळी मालमत्ता मिळावी म्हणून. अमेरिकेत बहुधा एक खरेदीदार आधी ठरवून त्याची बोली तळाची मानतात. पुढे दुसरा वरचढ ठरला, तर पहिल्याला भरपाई मिळते. ती किती, यावरच वकिलांची पहिली झटापट होते. वेळ मात्र नसतो. लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेने १५ सप्टेंबर २००८ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा उत्तर अमेरिकेतील दलाली व्यवसाय बार्कलेज या ब्रिटिश बँकेला विकण्यास २० तारखेला मध्यरात्र उलटल्यावर मंजुरी मिळाली. बार्कलेजला फार स्वस्तात घबाड मिळाले, असा वाद पुढे काही वर्षे चालला.

अशा घाईत नोटिसा पाठवण्याचे रटाळ काम कोणी लक्ष देऊन केले, यावर नंतर बरेच अवलंबून राहते. जनरल मोटर्सची मालमत्ता २००९ मध्ये नव्या कंपनीकडे ‘मोकळी’ म्हणून गेली होती. पण सदोष इग्निशन स्विचच्या गाड्या घेतलेल्यांना विक्रीची योग्य नोटीसच मिळाली नव्हती. त्यामुळे त्यांचे दावे विक्रीच्या आदेशाने अडवता येणार नाहीत, असे अपील न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवले. भारतात एस्सार स्टीलच्या निकालात (नोव्हेंबर २०१९) सर्वोच्च न्यायालयाने नव्या मालकाच्या बाजूने कौल दिला: योजना मंजूर झाल्यावर जुने अनिर्णित दावे त्याच्यापुढे उभे करता येत नाहीत. कंपनी बुडवणाऱ्यानेच ती स्वस्तात परत घेऊ नये म्हणून संहितेचे कलम २९ अ आहे. बोली लावणारा पात्र आहे की नाही, यावरची लढाई अनेकदा किमतीवरच्या लढाईहून लांबते.

प्रक्रियेचा खर्च धनकोंच्या आधी भागवला जातो आणि त्यात वकिलांची फीही येते, ही गोष्ट लहान पुरवठादारांना झोंबते. अमेरिकेत म्हणूनच सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत कामाचा हिशेब न्यायालयाला द्यावा लागतो. धनकोंना त्यावर हरकत घेता येते आणि न्यायाधीश फी कापूही शकतो.