गुडघा बोटांपुढे गेला की वाटी झिजते?

पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या यवतमाळकडच्या पोरांना मैदानावर हे हमखास ऐकवलं जातं : बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नको, वाटी झिजते. हे अर्धसत्य आहे, आणि त्यापायी पोरं कंबर दुखवून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सांध्यावरचा ताण नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन सांध्यापासून किती लांब आहे, यावरही ठरतो. पाण्याची गुंडी अंगालगत धरा, मग हात लांब करून धरा. गुंडी तीच, पण खांदा भरून येतो. गुडघे मागे अडवले की तोल राखायला धड पुढे झुकतं आणि भार खुब्यापासून लांब जातो, म्हणून ताण खुब्यावर आणि कंबरेवर येतो. २००३ साली अमेरिकेत, खांद्यावर वजन घेतलेल्या सात जणांच्या नडगीपुढे फळी लावून हे मोजलं गेलं. गुडघ्यावरचा पीळ, म्हणजे सांधा फिरवू पाहणारा जोर, सरासरी १५० वरून ११७ न्यूटन-मीटरवर (पीळ मोजायचं एकक) आला. खुब्यावरचा २८ वरून थेट ३०० च्या पुढे गेला!

निंदणाला उकिडव्या बसलेल्या बायांचे गुडघे बघा, बोटांच्या पुढेच असतात. आखाड्यातल्या बैठकीतही तसंच.

म्हणून पोरगा बघून व्यायाम निवडा. मांडीचं हाड लांब असेल तर गुडघा पुढे जाणारच, जाऊ द्या. टाच मात्र उचलू नये. टाच टेकतच नसेल तर खाली पातळ फळी द्या. गुडघा आधीच दुखत असेल त्याला थोडे दिवस बाकड्यावर बसण्याइतकीच बैठक पुरे.