अल्फा-बी क्रिस्टलिन : नेत्रभिंगापासून स्नायूपर्यंत

सोलापुरात मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला, तरी यंत्रमागावरचा कामगार पाळीभर उभाच असतो. उष्णतेचा आणि श्रमाचा ताण वाढला की पेशींतील प्रथिनांची घडी विस्कटू लागते, आणि ती सावरणाऱ्या रक्षक प्रथिनांपैकी अल्फा-बी क्रिस्टलिन स्नायूंत व हृदयात मुबलक असते. त्याची पहिली ओळख मात्र डोळ्यातील भिंगाचा पारदर्शक घटक एवढीच होती.

या प्रथिनाच्या शोधाचा दुसरा धागा इटलीतला आहे. जनुकशास्त्रज्ञ फेरुच्चिओ रिटोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी तपासत असताना उबवणपेटीचे तापमान कोणाकडून तरी वाढवले गेले आणि गुणसूत्रांवर अनपेक्षित ठिकाणी फुगवटे दिसले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले; उष्णतेमुळे तयार होणारी प्रथिने १९७४ साली हाती लागली. त्यांतील लहान प्रथिनांचे भिंगातील क्रिस्टलिनशी असलेले साम्य १९८२ साली उघड झाले, तेव्हा हे दोन धागे जुळले. भिंगातील प्रथिन हृदयात व स्नायूंतही असल्याचे १९८९ च्या सुमारास दिसले, आणि ते इतर प्रथिनांना गोळा होऊ देत नाही, हे जोसेफ हॉर्विट्झ यांनी १९९२ साली दाखवले.

स्नायूत अल्फा-बी क्रिस्टलिनचा सांभाळ विशेषतः डेस्मिन या प्रथिनाला लागतो. चादरीतले उभे धागे आडव्या धाग्याने बांधले जावेत, तसे डेस्मिन स्नायुपेशीतले शेजारशेजारचे सूक्ष्म तंतू एका ओळीत धरून ठेवते.

पॅट्रिक व्हिकार्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली एका फ्रेंच कुटुंबातील रोगाचे मूळ शोधले. १७५ अमिनो आम्लांच्या या साखळीत १२० व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लायसिन आले होते. एवढ्या एका बदलाने रक्षकच डेस्मिनसह गुठळ्या होऊन साचतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूच्या तुकड्यात त्या दिसतात. या कुटुंबात स्नायूंची दुर्बलता, हृदयस्नायूचा विकार आणि भिंगातील धूसरपणा एकत्र आढळले. मला या इतिहासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण असा रुग्ण आपल्याकडे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे तीन स्वतंत्र तक्रारी घेऊन जाऊ शकतो. जिना चढताना पायांत बळ राहत नाही, असे सांगणाऱ्याला घरात कोणाला कमी वयात मोतीबिंदू किंवा हृदयविकार झाला होता का, हे आवर्जून विचारायला हवे : आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत या रोगाला पुरेशी ठरते, आणि हृदयाची तपासणी त्रास जाणवण्याआधीच सुरू करता येते.