स्मृतिभ्रंश लवकर ओळखणं: ओपीडीतल्या प्रश्नांची पार्श्वभूमी

नाशिकमधल्या कुठल्याही जनरल ओपीडीत बीपी-शुगर दाखवायला आलेले साठीपुढचे पेशंट दिवसभर दिसतात. विसरण्याची तक्रार घेऊन मात्र क्वचितच कोणी येतं. ‘वय झालं आता’ म्हणून घरचे सोडून देतात. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण वैद्यकशास्त्रही बराच काळ असंच मानत होतं.

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1901 मध्ये फ्रँकफर्टला ज्या ऑगुस्ट डेटर यांना तपासलं, त्या 51 वर्षांच्या होत्या. 1906 मध्ये त्या वारल्या. त्यांच्या मेंदूत पेशींबाहेरचे साठे आणि पेशींतले गुंतलेले तंतू सापडले. 1910 मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी या आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं, पण तो ‘लवकर येणारा’ दुर्मिळ आजार म्हणून. पासष्टीनंतरचं विसरणं म्हातारपणाच्या खात्यातच राहिलं. दोन्ही एकच आजार आहेत, हे अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी 1976 मध्ये ठामपणे मांडलं.

त्याच्या आदल्याच वर्षी स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी 30 गुणांची एमएमएसई (मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन) ही चाचणी आली. 100 मधून 7 वजा करत जा, वाक्य लिहा, पंचकोन काढा. इथेच आपल्याकडे घोळ होतो. शाळेची पायरी न चढलेल्या आजींचे गुण आजार नसतानाही पडतात आणि निवृत्त मास्तर आजार सुरू होऊनही 28 गुण मिळवून जातात. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी केलेली हिंदी आवृत्ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात वाक्य लिहिण्याऐवजी ‘तुमच्या घराबद्दल काही सांगा’ असं विचारलं आणि ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ असं सांगितलं. आपल्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पाऊल.

2000 मध्ये मिनी-कॉग ही छोटी चाचणी आली. तीन शब्द सांगायचे, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावायचं, मग तेच शब्द विचारायचे. शब्दाला एक आणि घड्याळाला दोन असे पाच गुण. तीनपेक्षा कमी आले तर पुढे तपासायचं. तीनेक मिनिटं लागतात, पण पेन्सिल न धरलेल्या माणसाला घड्याळ काढायला लावू नये. 2005 ची एडी-8 ही प्रश्नावली ही अडचण टाळते, कारण तिचे आठ प्रश्न जवळच्या माणसाला विचारता येतात: पूर्वीपेक्षा बदल झालाय का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर संशय धरायचा.

‘पूर्वीपेक्षा’ हाच सगळ्याचा गाभा. म्हणून प्रश्न पेशंटच्या कामातून काढावा. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला विचारावं, 200 लिटर पाण्याला औषध किती लागतं, आणि हल्ली ते कोण काढतं? लासलगावला कांदा घातल्यावर पट्टीचा (विक्रीच्या पावतीचा) हिशेब कोण तपासतं? नोटा छापण्याच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्यांना पेन्शनचं पासबुक विचारावं. वर्षानुवर्षं स्वतः केलेलं काम गेल्या वर्षभरात गुपचूप पुतण्याकडे किंवा सुनेकडे गेलं असेल, तर ती खूण कुठल्याही गुणांपेक्षा बोलकी.

चुका ठरलेल्या असतात. सून शेजारी बसून उत्तरं देते. तिच्याशी वेगळं बोलावं. दिवाळीत येणाऱ्या मुलाऐवजी सोबत राहणाऱ्याला विचारावं. ऐकू कमी येत असेल तर तीन शब्द पोचतच नाहीत. दवाखान्यात भरती असताना किंवा तापात केलेली चाचणी ग्राह्य धरू नये. अचानक आलेला गोंधळ वेगळा आणि त्याची तपासणी तातडीची.

संशय आला की हिमोग्राम, बी-12, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), सोडियम, शुगर आणि मेंदूचा स्कॅन. पडल्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झालेला विसराळूपणा डोक्यातल्या रक्तस्रावाचा असू शकतो. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या, लघवीच्या गोळ्या पिशवीसकट मागवून बघाव्यात. काही गोळ्या स्मरणशक्तीवर परिणाम करतात. नैराश्यही असंच दिसतं, त्यामुळे झोप, भूक, रडणं विचारल्याशिवाय निदान लिहू नये.

केसपेपरवर गुणांशेजारी शिक्षण किती, चाचणी कुठल्या भाषेत आणि माहिती कोणी दिली हेही लिहावं. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा घेताना तुलना त्यावरच होते.