पार्श्वभूमी: रेडिओ-नियंत्रित रणगाड्यांत लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पॅक

१:१६ मापाचे रेडिओ-नियंत्रित रणगाडे कितीतरी वर्षं ७.२ व्होल्टच्या निकेल-कॅडमियम पॅकवर चालले. सब-सी आकाराचे सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, टोकाला पांढरा तामिया कनेक्टर. मुळात मोटारगाड्यांसाठीचा हा पॅक रणगाड्यांत तसाच आला आणि नियंत्रण बोर्ड, मोटारी, धूरयंत्र सगळं त्याच्या बेतानेच आखलं गेलं. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशाने कॅडमियमवर बंधनं घातली, पण तोवर निकेल-मेटल हायड्राइड रुळलेलं होतं. सेलचा व्होल्टेज तोच असल्याने बोर्डात काही बदलावं लागलं नाही.

लिथियम-आयन सेल १९९१ पासून बाजारात आहेत. चपट्या पाऊचमध्ये सेल असलेले लायपो पॅक या छंदात २००० नंतर शिरले ते रेडिओ-नियंत्रित विमानांच्या वाटेने, कारण तिथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशोब असतो. रणगाड्याला वजनाचं वावडं नाही. उलट धातूचे पट्टे आणि धातूचा गिअरबॉक्स घालून ते मुद्दाम वाढवलं जातं. इथे लायपोची गरज पडली ती वळताना. जागेवर वळताना एक पट्टा पुढे, एक मागे जातो, दोन्ही जमिनीवर आडवे घासतात आणि दोन्ही मोटारी एकदम करंट ओढतात. जुन्या निकेल पॅकचा व्होल्टेज त्या क्षणी दबतो. त्यातच तोफेचा रिकॉइल (नळी मागे सरकवणारी यंत्रणा) दिला की बोर्ड रीसेट होतो आणि रणगाडा थांबतो. २एस, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन सेलच्या लायपो पॅकवर ही तक्रार बहुतेक मिटते.

२एस पॅकच्या ७.४ व्होल्टने बोर्ड जळेल का, यावर फार वाद झाला. भरलेला २एस पॅक ८.४ व्होल्ट देतो. चार्जरवरून नुकताच काढलेला सहा सेलचा निकेल पॅकही त्याच्या जवळपासच असतो. फरक इतकाच की लायपो भाराखाली दबत नाही, म्हणून पट्टा दगडात अडकल्यावर प्लास्टिकच्या गिअरचे दाते आधी जातात. तीन सेलचा ३एस मात्र भरल्यावर १२.६ व्होल्टचा असतो, ७.२ व्होल्टसाठी आखलेल्या बोर्डाला तो लावूच नये.

वादात कमी बोललं गेलं ते खालच्या टोकाबद्दल, आणि पॅक मरतात ते तिथेच. निकेल सेल ०.९ व्होल्टपर्यंत उतरला तरी चालतो, म्हणजे सहा सेलचे ५.४ व्होल्ट. म्हणून त्या बोर्डांत कटऑफ, म्हणजे व्होल्टेज फार उतरला की पॅक तोडणारी सोय, नव्हता. रणगाडा मंदावला की पॅक बदलायचा. लायपोसाठी हेच ५.४ व्होल्ट म्हणजे सेलमागे २.७, आणि ३.० च्या खाली सेल खराब होऊ लागतो. शिवाय बोर्डाला फक्त बेरीज दिसते: एक सेल ३.१ वर आणि दुसरा २.३ वर असला तरी रणगाडा चालत राहतो. तो मुळातच संथ, त्यामुळे मंदावलेला कळतही नाही. स्विच चालू राहिला तर नुसत्या साउंड कार्डावर पॅक रात्रीत संपतो, फुगतो, आणि असा पॅक पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं.

यावर बॅलन्स कनेक्टरला (प्रत्येक सेलचा व्होल्टेज वेगळा मिळणाऱ्या जोडणीला) लावायचा, व्होल्टेज उतरला की वाजणारा बझर हा विमानवाल्यांचा उपाय सर्रास सुचवला गेला. रणगाड्यात तो तोकडा पडतो. रणगाड्याच्या बंद हलमध्ये (धडात) इंजिनाच्या आवाजापुढे बझर ऐकूच येत नाही. बॅलन्स वायर झाकणाबाहेर काढावी लागते. विमानांसाठी रूढ असलेला सेलमागे ३.३ व्होल्टचा आकडाही इथे उशिराचा ठरतो. रणगाडा सरळ चालताना थोडाच करंट ओढतो, तेव्हा ३.३ दिसले तर पॅक खरोखरच रिकामा झालेला असतो, बझर ३.५ वर लावावा. बझर तसाच लावून ठेवला तर तोही पॅक पितो. पॅक आणि बोर्डाच्या मध्ये ६.८ ते ७ व्होल्टला तोडणारं वेगळं कटऑफ मॉड्यूल हाच भरवशाचा मार्ग. विमान हवेत असताना असं तोडता येत नाही; रणगाडा नुसता उभा राहतो, बिघडत काहीच नाही.

नंतर तयार रणगाड्यांसोबत ७.४ व्होल्टचे लिथियम पॅक येऊ लागले. विक्रेते त्यांना सरसकट लायपो म्हणतात. पण आत बहुधा पाऊचऐवजी १८६५० मापाचे दोन गोल लिथियम-आयन सेल आणि संरक्षक सर्किट असतं. १ एप्रिल २०१६ पासून सुटे लिथियम-आयन पॅक प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवणं बंद झालं, त्यामुळे परदेशातून सुटा पॅक मागवणंही अवघड झालं आणि सोबत आलेला पॅकच वापरण्याकडे कल वाढला. त्यातलं सर्किट जास्त उतरलेला पॅक तोडतं, हे चांगलंच. पण करंट वाढला तरीही तोडतं. प्लास्टिकच्या पट्ट्यांवर ठीक चाललेला पॅक धातूचे पट्टे लावल्यावर गालिच्यावरच्या पहिल्याच वळणाला बंद पडतो आणि दोष बोर्डाला दिला जातो. अशा वेळी स्विच बंद करून पॅक काढावा, क्षणभर चार्जरला लावावा, मग पुन्हा जोडून पाहावं. रणगाडा परत सुरू झाला तर बोर्ड शाबूत आहे. बदलायचा तो पॅक.