शेवटचे तीस किलोमीटर : कोकणातल्या स्वस्त ग्रुप टूर आणि आपापला प्रवास

कोकणात जाणारा माणूस फार काळ पर्यटक नव्हताच, तो चाकरमानी होता. भाऊच्या धक्क्यावर आगबोटीत चढायचं, डेकवर वळकटी पसरायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला यांपैकी आपल्या बंदरात उतरायचं. अनेक ठिकाणी बोट खोल पाण्यातच उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. गैरसोय पुष्कळ होती, पण बोट माणसाला समुद्राच्या काठीच सोडायची. आज ग्रुपने जावं की आपलं आपण, हा हिशेब करताना हे ध्यानात ठेवायला हवं.

मग एसटी आली. पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे–अहमदनगर धावली. पुढे खाड्यांवर पूल होत गेले तशी लाल गाडी थेट वाडीपर्यंत पोहोचू लागली. गणपतीत अख्खी गाडी गावकऱ्यांनी मिळून घ्यायची, तिने चाळीजवळून उचलायचं आणि गावात नेऊन सोडायचं, हे ‘ग्रुप बुकिंग’ आजही चालतं. कोकणातली खरी ग्रुप टूर ही. तिला गाईड लागत नाही, हॉटेल लागत नाही, कारण शेवटी प्रत्येकाचं घर असतं.

ज्याचं कोकणात घर नाही, त्याच्यासाठी सहल कंपन्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ 1975 चं, ‘केसरी’ 1984 ची. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तो 1997 मध्ये. त्या काळात किनाऱ्यावर राहायच्या जागा मोजक्याच होत्या, फोनवरून खोली ठरवणं बेभरवशाचं होतं आणि मिळालेली खोली कशी निघेल ते देव जाणे. आधी पाहून ठेवलेली खोली आणि वेळेवर जेवण यासाठी चार पैसे जास्त देणं तेव्हा शहाणपणाचंच होतं.

26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वेच्या संपूर्ण 741 किलोमीटरच्या मार्गावरून गाडी सुरू झाली आणि गणित फिरलं, पण अर्धंच. खाड्या मुखाशी रुंद असतात, म्हणून मार्ग किनाऱ्यापासून आत आखला गेला. परिणामी स्टेशन एकीकडे, समुद्र दुसरीकडे. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. खेडहून दापोली जवळपास तेवढीच आणि तिथून मुरूड–हर्णैचा किनारा आणखी पुढे. चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसच्या आसपास. मुंबईहून रेल्वेचं तिकीट स्वस्त पडतं आणि सहलीचा खर्च वाढतो तो या शेवटच्या टप्प्यात. स्वस्त ग्रुप टूर मुख्यतः हाच टप्पा विकते, बाकी सगळं तुम्हालाही तेवढ्याच पैशांत मिळतं.

म्हणून पहिला प्रश्न माणसं किती, हा. बाहेरगावच्या भाड्याच्या गाडीला बहुधा दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात, वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग. कोकणात तुम्ही दिवसाला 70–80 किलोमीटर फिरता, पैसे मात्र 300 चे. दोघांना हे परवडत नाही. पाच-सहा जण असले की तीच गाडी ग्रुप टूरपेक्षा स्वस्त पडते. दोघांनी रेल्वेस्टेशनवरून स्थानिक रिक्षा नाहीतर एसटी धरावी आणि एकाच गावी तीन रात्री मुक्काम करावा. रोज गाव बदलण्याचा सोस खर्च वाढवतो. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. साठी ओलांडलेली जोडपी हमखास ग्रुप टूर शोधतात, त्यांनी आधी हा हिशेब करून पाहावा. अडचण वेळेची: आडगावांना संध्याकाळची मुक्कामाची गाडी जाते, ती पहाटे परत फिरते, मधे दिवसभरात एखाद-दुसरी फेरी. ती चुकली की दिवस गेला.

किनाऱ्याकिनाऱ्याने स्वतः गाडी चालवत जाणं शक्य झालं ते फेरीबोटींमुळे. दाभोळ–धोपावे 2003 पासून आहे. दिघी–आगरदांडा, वेश्वी–बागमांडले, जयगड–तवसाळ याही आहेत. दाभोळची बोट नसती तर दापोलीहून गुहागरला जायला चिपळूणचा वळसा पडला असता.

राहायची अडचणही तोवर सुटत आली होती. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं आणि 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. गावात हॉटेल नव्हतं, लोकांनी आपली घरं उघडली. ओटीवर गादी, केळीच्या पानावर जेवण. घरगुती निवासाची हीच रीत आता किनाऱ्यावर सगळीकडे दिसते. ती स्वस्त ग्रुप टूरला मात्र मानवत नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (दगडी कुंपणं) असलेल्या पाखाडीत, म्हणजे गावातल्या अरुंद वाटेत, 35 आसनी बस शिरत नाही, आणि एका घरात खोल्या तीन-चार. मग ग्रुप उतरतो हमरस्त्यालगतच्या लॉजवर आणि समुद्र दिसतो तो बसच्या खिडकीतून. ताटाचंही तेच. 35 जणांना पुरेल एवढी एकसारखी सुरमई रोज लिलावात मिळत नाही. मिळाली तर त्या पैशांत बसत नाही. म्हणून बांगडा, नाहीतर सरळ शाकाहारी थाळी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या काळात ‘ताजा मासा’ असं छापलेलं पत्रक दिसलं तर तो बहुधा शीतपेटीतला समजावा.

ग्रुप टूरचं सर्वांत जास्त वाजतं ते भरती-ओहोटीशी. कार्यक्रम दोन-तीन महिने आधी छापलेला असतो, आणि समुद्राची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराला भरती. हरिहरेश्वरला देवळामागच्या खडकांवरून जाणारी प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते, भरतीत तिथे खडकांवरून माणसं वाहून गेली आहेत. पौर्णिमेला दुपारी बाराला तिथे पोहोचणारी बस देवदर्शन करवते आणि निघते. स्वतंत्र जाणाऱ्याने दिनदर्शिका बघून निघावं, एवढंच.

पाण्यातल्या खेळांचंही तसंच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीवाला जेमतेम तासभर थांबतो, आणि स्कूबाला, म्हणजे पाण्याखाली बुडी मारायला, एकेकालाच पाण्यात उतरवतात. 35 जणांत दहा जणांनी नाव दिलं तरी बाकीच्यांची सकाळ जेटीवर जाते. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या बंद, मग किल्ला लांबूनच.

ज्याला वाहन चालवायचं नाही, जो एकटा आहे किंवा ज्याला घाटातल्या रात्रीच्या प्रवासाची धास्ती आहे, त्याच्यासाठी ग्रुप अजूनही बरा. पैसे भरण्याआधी मात्र पाच गोष्टी लेखी घ्याव्यात: खोलीत दोघं की तिघं, एकट्याला जादा किती, होडी, स्कूबा, प्रवेश तिकीट दरात धरलंय की नाही, 5 टक्के जीएसटी आत की बाहेर, आणि ‘चार दिवसां’पैकी किती रात्री बसमध्ये जाणार. दादर किंवा पुण्याहून रात्री निघून सकाळी पोहोचणारी सहल पत्रकात एक दिवस जास्त दाखवते. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी आणि मे महिन्याच्या तारखा त्या सकाळीच संपतात. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, तेव्हा पुढची एसटी किंवा फेरीबोट धरताना दीड-दोन तास मोकळे ठेवावेत.