आयर्लंडच्या गोल गढ्या आणि त्यांच्या पोटातली भुयारं

आयर्लंडच्या नकाशावर 'राथ', 'लिस', 'कॅशेल' ही अक्षरं असलेली गावं पावलोपावली भेटतात. ही नावं आली मध्ययुगाच्या सुरुवातीच्या गोल गढ्यांवरून, म्हणजे रिंगफोर्टवरून. देशभरात अशा सुमारे ४५,००० जागा नोंदल्या आहेत. गढी म्हटल्यावर बुरूज आणि शिबंदी आठवते, पण इथे तसलं काही नव्हतं. बहुतेक गढ्या म्हणजे खात्यापित्या शेतकऱ्याचं घर आणि अंगण.

गोल खंदक खणायचा आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचून बांध घालायचा. आतली जागा साधारण ३० मीटर रुंद. खडकाळ मुलखात मातीऐवजी दगडाचा कोट, तोच कॅशेल. बहुतेक बांधकाम इसवी सन ६०० ते ९०० या काळातलं. तेव्हा श्रीमंती दुभत्या गाईंवर मोजली जाई आणि गुरं पळवणं नित्याचं होतं, त्यामुळे बांधाचा खरा उपयोग चोर-लांडग्यांना अडवायला. अँट्रिम परगण्यातल्या डिअर पार्क फार्म्स इथे ओलसर मातीमुळे हेझलच्या काटक्यांनी विणलेल्या दुहेरी भिंती शाबूत सापडल्या. दाराच्या चौकटीचं ओकचं लाकूड ६४८ सालच्या सुमारास तोडलेलं निघालं.

भुयारं बहुतेक ठिकाणी नंतरची. चर खणून दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय दगड रचायचे, वर आडव्या शिळा टाकायच्या आणि माती लोटून बुजवायचं. दही-लोणी गार राहायचं खरं, पण नुसत्या कोठारासाठी एवढा खटाटोप कोण करेल? वाटेत मुद्दाम अशा चिंचोळ्या जागा ठेवलेल्या असतात की पोटावर सरपटत, डोकं आधी घालूनच पुढे जावं लागतं. पलीकडे काठी घेऊन एक जण बसला, तरी हल्लेखोराची पंचाईत. गुलाम म्हणून माणसं पळवण्याच्या त्या काळात बायका-मुलांना काही तास दडवायला एवढं पुरे.

छताच्या शिळांसाठी ओगम या रेघा-खाचांच्या जुन्या आयरिश लिपीतले स्मृतिस्तंभही बिनदिक्कत वापरले. रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रोहनच्या 'मांजरांच्या गुहे'त शिरताना डोक्यावर असाच लेख दिसतो. बांधणाऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही, अभ्यासकांचं मात्र भलं झालं.

पुढे गढ्या ओस पडल्या आणि लोकांनी त्या पऱ्यांच्या मानल्या. त्यांवरचं झाड तोडलं तर घरावर संकट येतं, ही भीती कित्येक पिढ्या टिकली आणि पुष्कळ गढ्या तिच्यामुळेच नांगरातून वाचल्या. विसाव्या शतकात शेतात बुलडोझर आले, तेव्हा मात्र अनेक सपाट झाल्या.